पुण्याची हायड्रोजन बस आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाट्या

केपीआयटी या कंपनीच्या आश्रयाने वाढलेल्या सेंटिएंट लॅब्जने डिसेंबर 2021 मध्ये पुण्यात दाखवलेली बस बाहेरून साधीच होती: नऊ मीटर लांब, 32 आसनांची, वातानुकूलित. आत मात्र डिझेल इंजिनाच्या जागी फ्युएल सेल होता. त्यातल्या पातळ पडद्याच्या एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला हवा. प्लॅटिनमच्या लेपावर हायड्रोजन फुटतो. प्रोटॉन पडद्यातून आरपार जातो, इलेक्ट्रॉनला तारेतून वळसा घालावा लागतो आणि त्या वळशावर मोटर फिरते. मागे उरते ते पाणी. 30 किलो हायड्रोजनमध्ये 450 किलोमीटर, असा दावा होता. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, बुलढाणा जिल्ह्यातले सिंदखेडराजा साधारण त्याच्या मध्यावर. तिथे एक पंप झाला, तर नागपूर-मुंबई प्रवास निभावतो.

पण एवढ्यावर हुरळून जाण्यात अर्थ नाही. पाण्यातून किलोभर हायड्रोजन काढायला 50 ते 55 युनिट वीज लागते, म्हणजे एका टाकीला दीड हजारांवर. तेवढेच अंतर बॅटरीची बस जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत कापते. बुलढाणा-चिखली एसटीला हायड्रोजन घालणे ही निव्वळ उधळपट्टी. पाण्याची ओरड मात्र अवाजवी आहे: किलोला नऊ लिटर, शुद्धीकरणातली तूट धरून फार तर तिप्पट.

हिशेब बदलतो तो विजेऐवजी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, घेतल्या तर. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीसोबत पिकांच्या अवशेषांतून जिवाणूंकरवी हायड्रोजन काढण्याची पद्धत विकसित केली. पण ती भात, गहू, मक्याच्या काडासाठी, आणि मक्याच्या कडब्यावर गुरांचा हक्क आधी. कपाशीची काडी लाकडासारखी, तिला गॅसिफायरच हवा: अपुऱ्या हवेत तापवायची, वाफ द्यायची, निघालेला वायू गाळायचा. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (वेचणीनंतर त्याच झाडांचे पुन्हा पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात ठेवू नका, असे कृषी खाते सांगतेच. मग त्या बांधावर पेटतात. त्या जमिनीतच कुटून घालाव्यात हा आक्षेप रास्त आहे, म्हणून सगळ्या उचलू नयेत. त्यांची वीज करून बॅटऱ्या का भरू नयेत? बससाठी जरूर भराव्यात. लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकमध्ये मात्र बॅटरीचे वजन मालाची जागा खाते. टाटा मोटर्सने मार्च 2025 मध्ये हायड्रोजनच्या चाचण्या ट्रकवर सुरू केल्या, त्या उगाच नव्हेत. खरी अडचण वाहतुकीची. फुगीर काडी लांब नेणे परवडत नाही, म्हणून कुट्टीयंत्र तालुक्यातच हवे. शिवाय पऱ्हाट्या उपटण्याची मजुरी आज शेतकऱ्याच्याच अंगावर पडते. गॅसिफायर चालवणाऱ्या कारखान्याचा भाव त्या मजुरीच्या वर गेला नाही, तर कोणी काडी गाडीत भरणार नाही.