गेम उघडेना? आधी एवढं बघा



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक ताई उशिरा आल्या, त्याही रडवेल्या. पोराचा गेम दोन दिवस उघडत नव्हता, सारखा एरर यायचा. पोरानं एका व्हिडिओखालच्या लिंकवरून ‘एरर घालवणारं’ ॲप आईच्या फोनमध्ये टाकलं. त्याच रात्री हप्त्यासाठी ठेवलेले तीन हजार रुपये खात्यातून गेले. ताईंनी भीतीपोटी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही.

म्हणून आज आपण एररचंच बोलू. एरर म्हणजे फोन बिघडला असं नाही. काहीतरी अडलंय, एवढंच तो सांगतो. काय अडलंय, ते क्रमानं शोधायचं.

पहिलं, पाटीवर काय लिहिलंय ते वाचा, नाहीतर दुसऱ्या फोननं तिचा फोटो काढून ठेवा. मग दुसरं एखादं ॲप उघडून बघा. तेही चालत नसेल, तर दोष नेटचा. लाईट गेल्यावर टॉवरची रेंजही कधी कधी जाते, हे आपल्याला नवीन नाही. बाकी सगळं चालतंय आणि फक्त गेम अडतोय, तर पुढं चला.

फोन बंद करून पुन्हा चालू करा. बऱ्याच तक्रारी इथंच मिटतात. मग सेटिंगमध्ये स्टोरेज बघा. मोठ्या गेमला दोन-चार जीबी जागा सहज लागते. व्हॉट्सॲपवर आलेले जुने व्हिडिओ पुसले की जागा होते. त्यानंतर तारीख-वेळ बघा. ती चुकली असेल, तर फोनला समोरच्या सर्व्हरची ओळख खरी आहे की नाही ते पटत नाही आणि जोडणी तुटते. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. शेवटी प्ले स्टोअरमध्ये जाऊन गेमचा अपडेट आलाय का ते बघा.

तरी अडलं, तर ॲपच्या माहितीत जाऊन ‘कॅशे’ साफ करा. त्यानं काही जात नाही. पण ‘डेटा’ साफ करू नका. पोरगं ‘गेस्ट’ म्हणून खेळत असेल, तर त्याची सगळी कमाई पुसली जाते आणि मग घरात रडारड होते.

संगणक आणि टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रालाही हाच क्रम: नेट, बंद-चालू, जागा, अपडेट. तिथं एक गोष्ट जास्तीची. अपडेट चालू असताना लाईट गेली, तर फाईल अर्धवट राहते आणि गेम उघडत नाही. अशा वेळी कधी कधी गेम काढून पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून भारनियमनाची वेळ बघूनच अपडेट लावा.

आणि कधी कधी दोष आपल्या घरात नसतोच. कंपनीचा सर्व्हर दुरुस्तीला असला की थांबायचं, दुसरा इलाज नाही. सरकारनं गेमच बंद केला असेल, तरी तसंच. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं पबजीसह ११८ ॲप बंद केले. पुढं ऑक्टोबरअखेर भारतात पबजीचे सर्व्हरही थांबले. तेव्हा फोन कितीदाही बंद-चालू केला, तरी गेम चालणार नव्हता. नेमक्या अशा वेळीच ‘आमच्याकडून घ्या, चालेल’ म्हणणारे पुढं येतात.

तिथंच सावध व्हा. प्ले स्टोअरबाहेरचं असं ॲप मेसेज वाचायची परवानगी मागू शकतं. ती दिली की बँकेचा ओटीपी त्याला दिसतो. आपल्या फोनमध्ये बचत गटाचे व्यवहार असतात, लाडक्या बहिणीच्या पैशाचा मेसेज येतो. गेम दुरुस्त करायला ओटीपी कधीच लागत नाही.

चुकून असं झालंच, तर लगेच नेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० ला फोन लावा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. आमच्या ताईंचे दोन दिवस गेले, तेच महागात पडलं.

आणि लेकराला मारू नका. मार बसणार म्हटलं की पोरं लपवतात. ‘एरर आला की आधी मला दाखव,’ एवढं आजच सांगून ठेवा.