यादीत खाली, कानात कायम

पाश्चात्त्य रॉक आणि पॉप संगीताच्या गप्पा रंगल्या की एक विधान हमखास येतं: 'एवढं गाजलेलं गाणं, म्हणजे तेव्हा नंबर एकवरच असणार!' ते तसं नव्हतं हे कळलं की लगेच दुसरं येतं: 'मग त्या काळच्या लोकांना ते कळलंच नव्हतं.' पहिलं विधान साफ चुकीचं आहे. दुसरं तर त्या श्रोत्यांवर अन्याय करणारं आहे, म्हणून त्याचा समाचार आधी घ्यायला हवा.

त्यासाठी या याद्या काय मोजत होत्या ते पाहू. अमेरिकेत 'बिलबोर्ड' साप्ताहिकाची 'हॉट हंड्रेड' ही यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून निघते. ब्रिटनमधली पहिली यादी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली, तीही काही मोजक्या रेकॉर्डच्या दुकानांना फोन करून. आपल्याकडे त्याच वर्षी सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'तली पायदानं ज्यांना आठवतात, त्यांना हा प्रकार अनोळखी नाही. पण एक फरक ध्यानात ठेवायचा. या याद्या गाण्याची नव्हे, 'सिंगल'ची मोजदाद करत. सिंगल म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी. अमेरिकेत विक्रीच्या जोडीला रेडिओवरचं वादनही धरलं जाई. पण तबकडी दुकानात आलेलीच नसेल, तर गाणं देशभर वाजत असूनही हॉट हंड्रेडमध्ये त्याला जागा नव्हती. हा नियम थेट डिसेंबर १९९८ पर्यंत टिकला.

या नियमाचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन'. १९७१ चं, सुमारे आठ मिनिटांचं हे गाणं अमेरिकन एफएम केंद्रांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं. अटलांटिक या कंपनीला ते सिंगल म्हणून हवंच होतं, पण बँडचे व्यवस्थापक पीटर ग्रँट यांनी ठाम नकार दिला. ज्याला गाणं हवं त्याने अख्खा अल्बम घ्यावा, असा हिशेब. तो इतका बरोबर ठरला की त्या अल्बमची अमेरिकेतली प्रमाणित विक्री २ कोटींच्या पुढे गेली. आता हॉट हंड्रेडच्या जुन्या याद्या चाळा: त्या काळात 'स्टेअरवे'चं नाव त्यात सापडत नाही. हे अपयश नव्हतं, व्यापारी निर्णय होता. पंचवीस वर्षांनंतरही तीच गोष्ट घडली. नो डाउटचं 'डोन्ट स्पीक' अमेरिकेच्या रेडिओ-वादनाच्या यादीत सलग १६ आठवडे पहिलं होतं आणि हॉट हंड्रेडमध्ये शून्य, कारण तिथे त्याचं सिंगल विक्रीला आलंच नव्हतं. अशा गाण्यांमुळेच अखेर नियम बदलावा लागला.

द हूचं 'बाबा ओ'रायली' (१९७१) याच माळेतलं, आणि मराठी वाचकाला त्यात जास्त रस वाटावा असं. नावातले 'बाबा' म्हणजे पुण्यात जन्मलेले, अहमदनगरजवळच्या (आताचं अहिल्यानगर) मेहेराबादचे मेहेरबाबा. गाणं लिहिणारे पीट टाउनशेंड त्यांचे अनुयायी. 'ओ'रायली' हे टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराचं नाव. रॉकच्या इतिहासातली इतकी ओळखीची सुरावट. पण अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ती सिंगल म्हणून निघालीच नाही, त्यामुळे तिथल्या याद्यांत तिचा क्रमांक शोधण्यात अर्थ नाही.

आता आणखी एक गैरसमज: 'क्रमांक एकच असतो, जगभर तोच.' लोक 'ते गाणं अमुक नंबरला होतं' असं बेधडक म्हणतात, देश न सांगता. जिमी हेंड्रिक्सचं 'पर्पल हेझ' १९६७ साली ब्रिटनमध्ये तिसरं होतं; त्याच्या स्वतःच्या देशात, अमेरिकेत, ६५वं. गिटारवादनाची भाषाच बदलून टाकणाऱ्या या माणसाला अमेरिकेत पहिल्या चाळिसांत एकदाच जागा मिळाली, १९६८ मध्ये 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'साठी, विसाव्या क्रमांकावर. बीच बॉइजचं 'गॉड ओन्ली नोज' (१९६६) अमेरिकेत तबकडीच्या मागच्या बाजूला होतं. तेव्हा दोन्ही बाजूंना वेगवेगळा क्रमांक मिळे. याच्या वाट्याला ३९वा आला. ब्रिटनमध्ये तेच गाणं पुढच्या बाजूला छापलं आणि दुसऱ्या क्रमांकावर गेलं. गाणं तेच, आवाज तेच, बाजू बदलली. जॉन लेननचं 'इमॅजिन' १९७१ मध्ये अमेरिकेत तिसरं आलं, तर ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून निघायलाच १९७५ उजाडलं आणि तेव्हा ते सहावं आलं. तिथे ते पहिलं ठरलं जानेवारी १९८१ मध्ये, लेनन यांच्या हत्येनंतर.

सर्वांत चीड आणणारी कथा लुई आर्मस्ट्राँग यांच्या 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड'ची आहे. १९६७ मध्ये ते ध्वनिमुद्रित झालं तेव्हा एबीसी रेकॉर्ड्सचे प्रमुख लॅरी न्यूटन यांना ते आवडलं नाही. कंपनीने प्रसिद्धी केली नाही, आणि अमेरिकेत प्रती हजारावरही गेल्या नाहीत असं सांगितलं जातं. ब्रिटनमध्ये मात्र ते १९६८ मध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. अमेरिकन माणसाला ते ऐकूच दिलं नाही, तर त्याला दोष कसा द्यायचा? १९८७ च्या 'गुड मॉर्निंग, व्हिएतनाम' चित्रपटात ते वाजलं, पुन्हा बाजारात आलं आणि १९८८ मध्ये हॉट हंड्रेडमध्ये ३२व्या क्रमांकावर पोचलं. आर्मस्ट्राँग १९७१ मध्येच गेले होते.

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथेच 'द हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा फारोख बलसारा पुढे क्वीन या बँडचा फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याने लिहिलेलं 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' आज जाहिरातींत, लग्नाच्या पार्ट्यांत, गाडीत, सगळीकडे असतं. १९७९ मध्ये ते ब्रिटनमध्ये नववं आणि अमेरिकेत ८६वं होतं. त्याच्या आजच्या लोकप्रियतेचा मोठा भाग त्या आठवड्यांनंतर, अनेक वर्षांनी जमलेला आहे. साप्ताहिक यादीला तो दिसण्याची सोयच नाही: ती एका आठवड्याचा हिशेब करते आणि पुढच्या आठवड्यात पाटी कोरी करते.

तो एका आठवड्याचा हिशेब तरी चोख होता का? अमेरिकेत १९९१ पर्यंत फारसा नव्हता. दुकानदार आणि रेडिओ केंद्रं आपापल्या याद्या कळवत, त्यांवर भरवसा ठेवून क्रमांक ठरत. प्रत्यक्ष विक्रीची संगणकीय नोंद आणि रेडिओवादनाची यांत्रिक मोजणी हॉट हंड्रेडमध्ये त्या वर्षाच्या अखेरीस आली.

पण म्हणून 'याद्या सगळ्या खोट्याच' असं म्हणणंही चूक आहे. काही थोर गाणी खरोखरच चालली नाहीत, आणि ती का चालली नाहीत यातून त्या समाजाबद्दल बरंच कळतं. आयक आणि टीना टर्नर यांचं 'रिव्हर डीप – माउंटन हाय' (१९६६) निर्माता फिल स्पेक्टरने प्रचंड वाद्यवृंद लावून उभं केलं. ब्रिटनमध्ये ते तिसरं आलं, अमेरिकेत ८८वं. अमेरिकन रेडिओ तेव्हा वर्णाच्या रेषेवर विभागलेला होता आणि हे गाणं धड कुठल्याच बाजूच्या साच्यात बसलं नाही. टीनाचा तो आवाज ऐकताना हा ८८ आकडा मला आजही टोचतो. 'लैला'चं दुखणं वेगळं: एरिक क्लॅप्टनचं नाव 'डेरेक अँड द डॉमिनोज' या बँडनावामागे झाकलेलं, त्यात सात मिनिटांचं गाणं कापून छोटं केलेलं. १९७१ मध्ये अमेरिकेत ते ५१वं आलं. पुढच्या वर्षी पूर्ण लांबीचं निघालं तेव्हा दहावं.

आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन? 'बॉर्न टू रन' १९७५ मध्ये अमेरिकेत २३वं होतं. स्वतःच्या नावावर हॉट हंड्रेडचा पहिला क्रमांक त्याला कधीच मिळाला नाही. 'डान्सिंग इन द डार्क' १९८४ मध्ये दुसऱ्यावर थांबलं. त्याने लिहिलेलं 'ब्लाइंडेड बाय द लाइट' मात्र १९७७ मध्ये पहिलं आलं, मॅनफ्रेड मॅन्स अर्थ बँडच्या आवाजात.

आता याद्यांत ऑनलाइन ऐकणंही मोजलं जातं, त्यामुळे जुनी गाणी उशिरा का होईना वर येऊ शकतात. केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' १९८५ मध्ये अमेरिकेत ३०वं होतं. 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेनंतर २०२२ मध्ये तिथे तिसरं आणि ब्रिटनमध्ये पहिलं आलं. तेव्हा कुठल्याही जुन्या गाण्यापुढे 'फ्लॉप' हा शिक्का वाचलात, तर आधी विचारा: कोणत्या देशात, कोणत्या वर्षी, आणि त्याची तबकडी दुकानात आली होती का?