सिमेंटच्या खांबाला कापडाचा वेढा

आम्हां घुग्घुसकरांना सिमेंटची धूळ रोजचीच. पण सिमेंटच्या खांबाला कापड गुंडाळून वाचवतात, हे ऐकून मी चक्क हसले होते! पुण्यात शिकलेले प्रा. विस्तास्प कारभारी यांचा हाच अभ्यास. १९९१ साली अमेरिकेत डॉक्टरेट, मग सॅन दिएगोला प्राध्यापकी. भूकंपाच्या हादऱ्याने काँक्रीट बाजूने फुगून फुटतं. कार्बनच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये भिजवून खांबाभोवती आवळलं, की ते कडक होऊन फुटू देत नाही. आपण भिंतीच्या मातीत तणस कालवतो ना, त्यातलंच! पण ऊन-पाण्यात हे कापड किती वर्षं टिकेल? कारभारींचं बरंच संशोधन याच काळजीपोटी. पुढे २०१३ ते २०२० ते टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या विद्यापीठाचे अध्यक्षही होते. हल्ली वर्धेच्या पुलावरून एसटी निघाली, की माझी नजर खांबांकडेच जाते.