उंचीवर ट्रक आणि उन्हात ट्रॅक्टर का दमतो? डिझेल इंजिन, हवा आणि टर्बो

दर मे महिन्यात नांगरणीच्या दिवसांत एक तक्रार हमखास येते. "सकाळी ट्रॅक्टर बरा चालतो, दुपारी नांगर ओढत नाही, काळा धूर मारतो." दुसरी तक्रार मालवाहतूक करणाऱ्यांची. नागपूरहून उत्तरेकडे भरून गेलेला ट्रक मैदानात चांगला पळतो आणि काश्मीरच्या पुढे चढाला लागला की जीव टाकतो. या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे. इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही.

एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण १२ किलो हवा लागते. इथे वजन महत्त्वाचे, आकार नाही. सिलिंडर दर वेळी तेवढीच जागा भरून हवा घेतो. हवा विरळ असेल तर त्या जागेत वजनाने कमी हवा मावते. जुन्या यांत्रिक पंपाला हे कळत नाही. तो ठरलेले डिझेल सोडत राहतो. जे डिझेल जळायला हवा उरत नाही, ते सायलेन्सरमधून काळा धूर होऊन बाहेर पडते. ताकद घटते, डिझेल वाया जाते आणि इंजिन जास्त तापते.

उंचीचा हिशोब सोपा आहे. बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद दर १,००० मीटरला सुमारे १० टक्के घटते. श्रीनगर-लेह रस्त्यावरचा झोजिला घाट ३,५२८ मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३० टक्के विरळ असते. म्हणजे जुन्या टाटा १२१० सारख्या बिनटर्बोच्या गाडीची जवळजवळ एक तृतीयांश ताकद तिथे गेलीच म्हणून समजा. वर लोड तोच, आणि चढ नागपूरच्या रस्त्यांवर कधी न पाहिलेला.

घाटाला उगाच दोष देऊ नका

मुंबईकडे माल नेणारे चालक म्हणतात, कसारा घाटात हवा कमी पडते. हे मला पटत नाही. कसाऱ्याचा माथा सहाशे मीटरच्या आसपास आहे. नागपूरच मुळात ३१० मीटरवर आहे. हवेतला फरक तीन टक्क्यांचा. तिथे गाडी दमते ती चढामुळे. २५ टनांची गाडी ५ टक्के चढावर ताशी २० किलोमीटरने चढवायची तर नुसते वजन वर उचलायलाच ९० हॉर्सपॉवरच्या पुढे लागतात. तेव्हा घाटात धूर दिसला तर आधी लोड, एअर फिल्टर आणि नोझल तपासा.

नागपूरचा मे म्हणजे महाबळेश्वर

उंचीसारखेच उष्णतेनेही हवा विरळ होते, आणि आपल्यासाठी हाच भाग जास्त कामाचा. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ४५ अंश तर आपल्याला दर उन्हाळ्यात ठाऊक आहेत. ४५ अंशांच्या दुपारी नागपूरची हवा जेवढी विरळ असते, तेवढी थंड प्रमाणित हवामानात सुमारे १,४०० मीटर उंचीवर असते. म्हणजे महाबळेश्वरहूनही थोडे वर. इंजिनाच्या दृष्टीने तुमचा ट्रॅक्टर वर्धा रोडला नसून सह्याद्रीच्या माथ्यावर नांगरतो आहे.

कंपनी हॉर्सपॉवर मोजते ती २५ अंशांच्या आसपासच्या हवेत. त्या तुलनेत ४५ अंशांवर ८ ते ९ टक्के हवा कमी मिळते. ४५ हॉर्सपॉवरच्या बिनटर्बो ट्रॅक्टरमधले तीन-चार हॉर्सपॉवर असेच जातात. आपल्याकडचे ५० हॉर्सपॉवरच्या आतले बहुतेक ट्रॅक्टर बिनटर्बोचेच आहेत. म्हणून पलटी नांगराचे काम पहाटे पाचला सुरू करा. ३० अंशांची हवा ४५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ५ टक्के भरीव असते. दुपारी हलके काम ठेवा, किंवा खालचा गेअर टाका आणि फाळ थोडा वर घ्या.

आता एअर फिल्टर. काळ्या मातीत रोटाव्हेटर चालवल्यावर दोन दिवसांत फिल्टरची काय दशा होते, ते तुम्हाला सांगायला नको. मोठ्या डिझेल इंजिनात फिल्टरचा लाल निशाण साधारण ६ किलोपास्कलच्या अडथळ्याला वर येतो. हा अडथळा म्हणजे गाडी जागच्या जागी साडेपाचशे मीटर वर चढवण्यासारखे आहे. ऑइल बाथ असेल तर धुळीच्या दिवसांत रोज तेल पाहा. तळाला चिखल दिसला की बदला. मागच्या वर्षी एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ओढत नव्हता म्हणून पंप काढायची तयारी झाली होती. फिल्टरची वाटी उघडली तर आत अर्धी माती.

टर्बो काय करतो

टर्बोमध्ये एका दांड्यावर दोन चाके असतात. बाहेर जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो, दुसरे चाक हवा दाबून इंजिनात भरते. वेग मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूची याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. दाबलेली हवा तापते आणि पुन्हा विरळ होते, म्हणून मधे इंटरकूलर बसवून ती थंड करतात.

उंचीवर टर्बोचा खरा फायदा असा. बाहेरचा दाब कमी असल्याने धुराला बाहेर पडायला अडथळा कमी होतो, टर्बो जास्त जोरात फिरतो आणि हवेची तूट बरीच भरून काढतो. पण त्यालाही वेगाची मर्यादा आहे. ती आली की नव्या गाड्यांचा ईसीएम स्वतःच डिझेल कमी करतो. चालकाला वाटते गाडी बिघडली. खरे तर ती स्वतःला वाचवत असते.

झोजिलाकडे जाणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कमी आरपीएमवर टर्बो जवळजवळ काम करत नाही. चढावर भरलेली गाडी थांबून पुन्हा उचलायची असते, तेव्हा टर्बोचे इंजिनही बिनटर्बोसारखेच वागते, आणि हवा ३० टक्के कमी असते. म्हणून चढ सुरू होण्याआधीच खालचा गेअर टाका, आरपीएम पडू देऊ नका, आणि मैदानात चालतो म्हणून वरचा लोड भरू नका. संत्रा किंवा सफरचंद घेऊन घाटात गाडी एक दिवस अडकली, तर भाड्यापेक्षा मालाचे नुकसान मोठे होते.

पंप वाढवू नका

ताकद कमी पडली की गॅरेजमध्ये "पंप वाढवून देतो" म्हणणारा भेटतोच. अडचण हवेची असताना डिझेल वाढवले तर धूर आणि उष्णता तेवढी वाढते. पिस्टन आणि हेड गॅस्केट त्याची किंमत मोजतात. जुन्या ट्रॅक्टरला बाहेरून टर्बो बसवण्याचाही मोह नको. टर्बोच्या इंजिनाचे पिस्टन, बेअरिंग, तेलाचा पुरवठा आणि कूलिंग मुळापासून वेगळे असते. जास्त ताकद हवी असेल तर कंपनीचेच टर्बोचे मॉडेल घ्या.

टर्बोच्या गाडीत कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल वापरा. चालू केल्यावर अर्धा मिनिट रेस देऊ नका. जड चढ किंवा नांगरणी झाल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे आयडलवर ठेवा, नाहीतर तापलेल्या दांड्यावरचे ऑइल जळून बेअरिंग जाते. ताकद घटून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर आधी टर्बो ते इंटरकूलरचा रबरी पाइप आणि त्याचे क्लॅम्प पाहा. क्लॅम्प काही रुपयांत मिळतो, टर्बोला हजारो लागतात.