दुखणं निमूट सोसायलाच हवं का?

छातीत गाठ लागली, तपासणीत कर्करोग निघाला, शस्त्रक्रियेची तारीखही ठरली. वाशिम, कारंजा, रिसोड, कुठूनही निघायचं म्हटलं तर अकोला नाहीतर नागपूर गाठायचं. मग पैशांची जुळवाजुळव, मुलांच्या शाळा, सासूबाईंच्या गोळ्या! या सगळ्यात 'मला दुखेल किती?' हे विचारायचं राहूनच जातं. बाळंतपणं सोसली, तसं हेही सोसू, असं म्हणून आपण मोकळ्या होतो.

पण मैत्रिणींनो, हे सोसणं महागात पडतं. स्तनाबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या असतील, तर हात हलवला की कळ येते. म्हणून बाई हात अंगाशी धरून बसते आणि खांदा आखडतो. मग वेणी घालणं, फळीवरचा डबा काढणं, पोलक्याच्या बाहीत हात घालणं, सगळंच अडतं. काहीजणींचं दुखणं तर महिनोन् महिने रेंगाळतं.

यावर उपाय आहे. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, त्याच जातीचा. डॉक्टर त्याला 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतात. छातीकडे जाणाऱ्या बऱ्याचशा नसा पाठीच्या कण्यापासून निघून बरगड्यांच्या कडेने पुढे येतात. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत पाहत, कण्याच्या बाजूला किंवा छातीच्या स्नायूंच्या थरांमध्ये, बधिर करणारं औषध सोडतात. कण्याजवळची पद्धत शंभर वर्षांहून जुनी. स्नायूंच्या थरांतली डॉ. राफाएल ब्लँको यांनी २०११ साली मांडली. नेहमीची पूर्ण भूल बहुधा असतेच. पण जाग आल्यावरचे पहिले काही तास बरेच सुसह्य जातात, अफूच्या जातीची वेदनाशामकं कमी लागतात, त्यामुळे मळमळ-उलटीही कमी. सुई फुफ्फुसाच्या आवरणाला लागणं किंवा औषध रक्तात जास्त जाणं क्वचित घडतं. तेवढ्यासाठीच तर तो पडदा आणि जाणकार हात हवा.

जाता जाता एक. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या आधी काही मिनिटं गाठीभोवती बधिर करणारं औषध टोचलेल्या बायकांपैकी पाच वर्षांनी शंभरात ९० हयात होत्या, न टोचलेल्यांत ८६. हे इंजेक्शन दुखण्यासाठीचं नव्हे, वेगळंच. दोन्हींची गल्लत करू नका.

भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासायला येतात, तेव्हा लाजू नका. "मला ब्लॉक देता येईल का?" असं सरळ विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल, तर आधीच सांगा. ब्लॉकचा असर काही तासांनी, फार तर दिवसाभराने उतरतो आणि मग कळ एकदम उठते. तेव्हा गोळी कधी घ्यायची, ते नर्सबाईंना अगोदरच विचारून ठेवा. आणि हो, पुढे हुकं असलेली दोन सैल पोलकी पिशवीत टाका; डोक्यावरून घालायचा गाऊन पहिले काही दिवस नको.