दूरचित्रवाणीमागचा छोटा संगणक : कपाटातील आठवणी पडद्यावर

दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संच सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला असतो. पडदा अजून लख्ख असतो, आवाजही स्वच्छ असतो. मात्र त्यातील अ‍ॅप एकामागून एक बंद पडू लागलेली असतात. संचाच्या निर्मात्याकडून नवी अद्ययावत आवृत्ती मिळत नाही आणि दुकानदार नवा संच घेण्याचा सल्ला देतो. त्याच घरातील कपाटाच्या वरच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेल्या काही वस्तू असतात. १९९०च्या दशकातील लग्नाची व्हिडिओ कॅसेट, मुंजीची सीडी, गावच्या जत्रेत हौशी कलाकारांनी रंगवलेल्या संगीत नाटकाची डीव्हीडी. ती लावायला घरात यंत्र उरलेले नसते.

या दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे आणि तो फारसा खर्चिक नाही. जाडजूड पुस्तकाएवढा छोटा डेस्कटॉप संगणक एचडीएमआय तारेने दूरचित्रवाणीला जोडला की जुना संच पुन्हा कामाचा होतो आणि घरातील चित्रफितींना कायमचे घर मिळते. यांतील पहिला लाभ सोयीचा आहे. दुसरा मात्र निकडीचा. घरगुती चित्रफितीची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. ती बुरशीने गेली की गेलीच.

यंत्र कोणते निवडावे?

छोट्या संगणकांचे ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे एकाच पट्टीवर सारे भाग बसवलेला रास्पबेरी पाय. ब्रिटनमध्ये तयार झालेला हा संगणक फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलरला बाजारात आला, तो प्रामुख्याने विद्यार्थ्यांसाठी. वीज अत्यल्प लागते आणि पंख्याचा आवाज जवळजवळ नसतो. मात्र पेटी, अ‍ॅडॉप्टर आणि मेमरी कार्ड वेगळे घ्यावे लागत असल्याने एकूण खर्च वाटतो त्यापेक्षा वाढतो.

दुसरा प्रकार नव्या मिनी पीसीचा. यांतील अनेकांत इंटेलचा एन-१०० हा प्रोसेसर असतो. २०२३च्या आरंभी आलेल्या या चार गाभ्यांच्या प्रोसेसरचा वीजवापर सुमारे ६ वॅटच्या मर्यादेत राहावा अशी त्याची रचना आहे. चित्रपट, संगीत आणि यूट्यूब यांसाठी तो पुरेसा ठरतो.

तिसरा प्रकार सर्वांत किफायतशीर असूनही दुर्लक्षित राहतो. बँका, विमा कंपन्या आणि कार्यालये लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी असे छोटे संगणक मोठ्या संख्येने वापरतात आणि काही वर्षांनी विकून टाकतात. एक लिटरच्या आसपास आकारमान असलेली ही यंत्रे दिवसभर चालण्यासाठीच बांधलेली असतात. दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या अशा संगणकाची किंमत सामान्यतः नव्या मध्यम लॅपटॉपच्या निम्म्याहूनही कमी असते.

या बाजाराला अलीकडे आणखी एक कारण मिळाले. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. इंटेलच्या प्रोसेसरपैकी विंडोज ११ ला अधिकृत मान्यता आहे ती साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढच्यांनाच. त्यामुळे सहाव्या आणि सातव्या पिढीचे धडधाकट संगणक कार्यालयांच्या दृष्टीने निरुपयोगी ठरले. दिवाणखान्यात मात्र लिनक्सवर ते आणखी कित्येक वर्षे उत्तम चालू शकतात.

पिढीला महत्त्व का?

चित्रफीत साठवताना ती आकुंचित केलेली असते. पाहताना ती क्षणाक्षणाला उलगडावी लागते. हे काम प्रोसेसरमधील स्वतंत्र यंत्रणा करीत असेल तर संगणक थंड आणि शांत राहतो. ती नसेल तर मुख्य प्रोसेसरला राबावे लागते, पंखा घरघरू लागतो आणि चित्र अडखळते.

आकुंचनाच्या पद्धती काळानुसार बदलत आल्या. एच.२६४ ही पद्धत बहुतेक सर्व यंत्रांना येते. नव्या फोनमधील चित्रीकरणात आणि फोर-के चित्रपटांत एचईव्हीसी वापरली जाते. यूट्यूब उच्च दर्जाच्या चित्रासाठी व्हीपी-९ आणि एव्ही-१ वापरते. इंटेलच्या सातव्या पिढीपासून एचईव्हीसीचे दहा-बिट रूप आणि व्हीपी-९ या दोन्ही उलगडण्याची यंत्रणा प्रोसेसरमध्ये आहे. एव्ही-१ साठी अकरावी पिढी किंवा एन-१०० लागतो. म्हणूनच वापरलेला संगणक घेताना सातवी पिढी ही किंमत आणि उपयुक्तता यांचा उत्तम मेळ ठरते.

ही पिढी ओळखणे सोपे आहे. ‘आय-५ ७५००टी’ या नावातील चार आकड्यांपैकी पहिला ७ म्हणजे सातवी पिढी. शेवटचे ‘टी’ हे अक्षर कमी वीज खाणारी आवृत्ती दर्शवते. छोट्या पेटीसाठी तीच योग्य. सोबत ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबीची एसएसडी असली की काम भागते.

खरेदीपूर्वी संगणकाची मागची बाजू अवश्य पाहावी. कार्यालयीन यंत्रांत अनेकदा एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट असतो. तेव्हा रूपांतर करणारी जोडणी लागते. एचडीएमआय १.४ जोडणीवर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच ताजे होते, एचडीएमआय २.० वर ६० वेळा. संच फुल एचडी असेल तर या फरकाची चिंता करण्याचे कारण नाही.

पडद्यावर काय दिसेल?

संगणक जोडला की त्याला दूरचित्रवाणीसारखे वागवणारी प्रणाली हवी. यासाठी कोडी हा विनामूल्य कार्यक्रम जगभर वापरला जातो. एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी जन्मलेल्या या कार्यक्रमाला २०१४ मध्ये सध्याचे नाव मिळाले. लांबून वाचता येतील अशी मोठी अक्षरे, फोल्डरनुसार मांडणी, छायाचित्रे, संगीत आणि चित्रफिती यांसाठी वेगळे कप्पे असे त्याचे स्वरूप आहे. कोडीमध्ये स्वतःचा कोणताही चित्रपट नसतो. घरात जे आहे तेच तो दाखवतो. ज्यांना फक्त एवढेच हवे, त्यांनी लिब्रेइलेक ही प्रणाली बसवावी. संगणक सुरू होताच थेट कोडी उघडतो. ब्राउझर आणि इतर कामेही हवी असतील तर लिनक्स मिंटवर कोडी आणि व्हीएलसी बसवणे सोयीचे.

फायलींना देवनागरी नावे दिल्यावर पडद्यावर चौकोन दिसू लागले, तर कोडीच्या मांडणीत जाऊन फाँट बदलावा. आजी-आजोबांना ‘व्हिडिओ ००१७’ यापेक्षा ‘१९९६ – चवथ’ हे नाव अधिक जवळचे वाटते. त्यामुळे हा खटाटोप वाया जात नाही.

हाताळणीसाठी टचपॅड असलेला छोटा बिनतारी कळफलक पुरतो. फोनवरून चालणारी रिमोट अ‍ॅपही आहेत. रास्पबेरी पाय दूरचित्रवाणीच्याच रिमोटने चालू शकतो. बहुतेक मिनी पीसींना ही सोय नसते.

कॅसेट वाचवण्याची घाई

फितीवरच्या चुंबकीय थराला दमटपणा आणि बुरशी या दोहोंचे वावडे आहे आणि गोव्याच्या किनारपट्टीवर दोन्हींची वाण नाही. त्यात कॅसेट वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ झाली. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आज चालू स्थितीतील व्हीसीआर मिळतो तो ओळखीच्या घरात किंवा जुन्या दुरुस्ती-दुकानात.

तो मिळाल्यावर काम अवघड नाही. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल तारा यूएसबी कॅप्चर उपकरणाला जोडायच्या, ते संगणकाला लावायचे आणि ओबीएस स्टुडिओसारख्या विनामूल्य कार्यक्रमाने मुद्रण सुरू करायचे. येथे घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास द्यावेच लागतात. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसली, तर ती यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राच्या मुखावर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट जाणकाराकडूनच स्वच्छ करून घ्यावी.

सीडी आणि डीव्हीडी यांचे काम त्याहून सोपे. छोट्या संगणकात डिस्क घालण्याची सोय नसल्याने बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह घ्यावा. व्हिडिओ सीडीतील चित्रफीत ‘एमपीईजी-एव्ही’ या नावाच्या फोल्डरात असते. ती उतरवून घेतली की व्हीएलसीवर चालते. लग्नाच्या डीव्हीडीतील ‘व्हिडिओ-टीएस’ फोल्डर जसाच्या तसा उतरवावा. जागा वाचवण्यासाठी तो पुन्हा आकुंचित करण्याचा मोह टाळावा. प्रत्येक आकुंचनात चित्राचा काही अंश कायमचा जातो. हालचालीच्या वेळी चित्राच्या कडांवर कंगव्यासारख्या रेषा दिसल्या तर तो फितीचा दोष नव्हे. चित्र एकाआड एक ओळींत नोंदवण्याची ती जुनी पद्धत आहे. व्हीएलसी किंवा कोडीमध्ये ‘डीइंटरलेस’ सुरू केले की रेषा जातात.

जागेची चिंता फारशी नाही. सेकंदाला ५ मेगाबिट या दराने मुद्रित केलेल्या तासाभराच्या चित्रफितीला सुमारे सव्वादोन जीबी लागतात. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची असते. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर अशा दोनशेहून अधिक डीव्हीडी मावतात. मात्र एकाच डिस्कवर विसंबणे धोक्याचे. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती नातेवाइकांच्या घरी ठेवावी. चोरी, आग किंवा पूर यांपैकी काहीही झाले तरी एक प्रत शाबूत राहते. मूळ कॅसेटही टाकून देऊ नये.

वीज आणि पावसाळा

मिनी पीसी चित्रफीत दाखवताना साधारण १० वॅट घेतो असे धरले आणि तो रोज चार तास चालला, तर महिन्याला जेमतेम सव्वा युनिट वीज खर्च होते. जुना उभा डेस्कटॉप याच कामाला त्याच्या कित्येक पट वीज खातो. पावसाळ्यात इंटरनेट खंडित झाले तरी घरच्या डिस्कवरील नाटक थांबत नाही.

धोका असतो तो विजेच्या चढउताराचा. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फायली बिघडू शकतात. म्हणून संगणक आणि डिस्क इन्व्हर्टरच्या किंवा छोट्या यूपीएसच्या जोडणीवर ठेवावी. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच विजेच्या तारेबरोबर इंटरनेटची आणि डिश अँटेनाची तारही काढावी. बंद कपाटात संगणक कोंडू नये. पंख्याला हवा हवी.

हा संगणक कोणी घेऊ नये?

घरातील सारे मनोरंजन जर सशुल्क ओटीटी सेवांपुरतेच असेल, तर छोट्या संगणकाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. चित्रपटांची चोरी रोखण्यासाठी या सेवा संरक्षक कुलूप वापरतात. त्यामुळे अनेक सेवा ब्राउझरवर, विशेषतः लिनक्सवर, पूर्ण दर्जाचे चित्र देत नाहीत. अशा घराला एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक स्वस्त आणि सोपी पडेल. संगणकाची उपयुक्तता खुलते ती स्वतःचा संग्रह असलेल्या घरात.

कायद्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो आणि रंगमंचावरील कलाकाराचा आपल्या प्रयोगावरील हक्क ५० वर्षे. आपल्याच घरच्या समारंभाची फीत घरी पाहण्यात काही अडचण नाही. जत्रेतील नाटकाची चित्रफीत यूट्यूबवर टाकायची असेल, तर मंडळीची परवानगी घेणे कायद्याला आणि शिष्टाचारालाही धरून आहे. फुकट चित्रपटांचे आमिष दाखवणारी कोडीची अनधिकृत जोडपत्रे मात्र दूरच ठेवावीत.

गोव्यात देवळाच्या प्रांगणात नाटक करणारा शेतकरी, शिक्षक वा सुतार व्यावसायिक नट नसतो. त्याच्या भूमिकेची नोंद कोणत्याही संग्रहालयात नसते. असते ती त्याच्याच कपाटातील एका कॅसेटवर. पुढच्या चवथीला मुंबई-पुण्याहून मंडळी घरी जमतील, तेव्हा ती फीत पडद्यावर लागावी असे वाटत असेल, तर संगणक कोणता घ्यावा हा विचार सावकाश करता येईल. कपाट उघडून सर्वांत जुनी कॅसेट बाहेर काढणे आणि तिच्यावर बुरशी आहे का ते पाहणे, हे काम मात्र आजच करायला हवे.