नाव कोरलेली प्रथिने

शाळेत पेशीची आकृती काढताना केंद्रकाभोवती नागमोडी रेषा आपण सर्वांनीच ओढल्या आहेत. त्या रेषा म्हणजे आंतर्द्रव्यजालिका. इन्सुलिन, प्रतिपिंडे यांसारखी पेशीबाहेर जाणारी प्रथिने येथे घडतात. अमिनो आम्लांच्या साखळीला योग्य घडी पडली, की ती इवल्या पुटिकांतून गॉल्गी संकुलाकडे आणि तेथून बाहेर जातात. घडी घालण्यास मदत करणारी प्रथिने मात्र येथेच राहिली पाहिजेत. एवढ्या वर्दळीत ती वाहून कशी जात नाहीत?

१९८७ साली केंब्रिज येथे शॉन मन्रो आणि ह्यू पेलहॅम यांनी याचे उत्तर शोधले. बिप नावाच्या मदतनीस प्रथिनाच्या शेवटी लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल आणि ल्युसिन ही ४ अमिनो आम्ले ओळीने असतात. हे टोक काढताच बिप पेशीबाहेर पडू लागले. उलट, एरवी बाहेर जाणाऱ्या लायसोझाइमला ते टोक जोडताच ते आत राहिले.

ही खूण म्हणजे दाराचे कुलूप नव्हे. लग्नकार्यात शेजारी गेलेली भांडी कोरलेल्या नावामुळे परत येतात, तसे हे आहे. मदतनीस प्रथिने अधूनमधून गॉल्गी संकुलापर्यंत वाहून जातातच. तेथील किंचित आम्लधर्मी वातावरणात एक ग्राही प्रथिन ती खूण पकडते आणि त्यांना परतीच्या पुटिकेतून माघारी आणते. आंतर्द्रव्यजालिकेत आम्लता कमी असल्याने पकड सुटते आणि मदतनीस पुन्हा कामाला लागतो.

घडी अपुरी असलेल्या प्रथिनांना मात्र येथेच रोखले जाते आणि घडी बसलीच नाही, तर ती मोडली जातात. ही दक्षता आवश्यकच आहे. परंतु कधी तीच बाधते. एका अमिनो आम्लाच्या बदलाने काय घडते, हे विदर्भाला सिकलसेलमुळे ठाऊक आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या पुष्कळ रुग्णांत क्लोराइड वाहून नेणाऱ्या प्रथिनातील एक अमिनो आम्ल गळालेले असते. ते प्रथिन काही अंशी काम करू शकते. तरीही घडी सदोष म्हणून बहुतेक आतच नष्ट होते. फुप्फुसांत चिकट कफ साचतो आणि वारंवार संसर्ग होतो. अलीकडील काही औषधे त्या प्रथिनाला घडी घेण्यास साहाय्य करतात, त्यामुळे ते आपल्या जागी पोहोचते.

म्हणूनच बाळाची त्वचा खारट लागत असेल, खोकला वारंवार उलटत असेल आणि वजन वाढत नसेल, तर पालकांनी डॉक्टरांना अवश्य सांगावे. घामातील क्लोराइडच्या तपासणीने या आजाराचे निदान होऊ शकते.